भाषेवाचून बालपण जाऊ नये

(माळेगाव बुद्रुक येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे गळीत सुरू झाले, की माळेगाव बुद्रुक, शिवनगर आणि नीरा डाव्या कालव्याच्या काठचा सारा परिसर आवाजाने भरून जातो. कारखान्याचा भोंगा, बैलगाड्यांची घुंगरे, उसाच्या ट्रॅक्टरवर वाजणारी गाणी आणि पहाटेची काकडआरती ऐकत गावातील मूल वाढते. आईची हाक, आजीची गोष्ट, अंगणातील भांडणे हे सारे त्याच्या कानावर पडत राहते आणि कोणी मुद्दाम न शिकवता दोन-अडीच वर्षांत ते घडाघडा मराठी बोलू लागते. भाषा ही न मागता मिळणारी वडिलोपार्जित संपत्ती आहे. जे मूल या संपत्तीपासून वंचित राहते, त्या कर्णबधिर मुलाचा विचार आज करायचा आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या सुमारे ५० लाख ७० हजार व्यक्तींची नोंद झाली. तरीही एखाद्या गावात जाऊन विचारले, तर ‘आमच्याकडे असे कोणी नाही’ हेच उत्तर बहुधा मिळते. अंध व्यक्तीच्या हातातील काठी दिसते, अस्थिव्यंग असलेल्याची कुबडी दिसते. बहिरेपण मात्र डोळ्यांना दिसत नाही. पाळण्यातील बाळ हसते, रडते, दिव्याकडे पाहते. दार आपटले तर त्या धक्क्याने दचकतेही. मग घरातील वडीलधारी मंडळी धीर देतात, ‘याचा बापही उशिराच बोलायला लागला होता.’ नवस बोलले जातात, अंगारा लावला जातो आणि या वाट पाहण्यात मुलाच्या आयुष्यातील सर्वांत मोलाची दोन-तीन वर्षे निघून जातात.

तोटा कोणता?

या वर्षांत नेमके काय हरवते, हे नीट समजून घेतले पाहिजे. समाजाचा समज असा, की मुलाला ऐकू येत नाही हाच त्याचा तोटा. परंतु ऐकू येणे हे साधन आहे. त्या साधनाने मिळणारी वस्तू म्हणजे भाषा. पहिली पाच वर्षे ही मेंदूने भाषा आत्मसात करण्याची वर्षे होत. त्या काळात कोणतीच भाषा पूर्णपणे मिळाली नाही, तर पुढे कितीही परिश्रम केले तरी ती उणीव भरून काढणे फार कठीण जाते. ज्या मुलाकडे भाषा नाही, त्याच्याकडे ‘काल’ आणि ‘उद्या’ नसतो, ‘का’ आणि ‘कसे’ नसते. त्याला भूक लागल्याचे दाखवता येते, पण भीती कशाची वाटते हे सांगता येत नाही.

संस्कारांच्या दृष्टीने याचा विचार केला म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. घरी गणपती बसतो. सजावट होते, मोदक होतात, सगळे टाळ्या वाजवतात. कर्णबधिर मूलही टाळ्या वाजवते. पण हा गजमुख देव कोण, तो का आला आणि दहा दिवसांनी त्याला पाण्यात का सोडायचे, हे त्याला कोणीच सांगितलेले नसते. रामाची गोष्ट, शिवरायांची गोष्ट, आजोबांनी विहीर कशी खणली त्याची गोष्ट ही सर्व कानांवाटे पुढील पिढीकडे जाणारी शिदोरी आहे. त्याच घरात, त्याच ताटावर बसलेले एक मूल या शिदोरीपासून उपाशी राहते. कर्णबधिर मुलांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. म्हणजे आईची भाषा एक आणि मुलाला सहज घेता येईल अशी भाषा दुसरी, अशी अवस्था बहुतेक घरांत असते. मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या समाजापुढे हा प्रश्न प्रथम उभा राहायला हवा, कारण आईच्या मांडीवर असूनही मातृभाषा न मिळालेले हे मूल आहे.

नावात काय आहे?

पिढ्यान् पिढ्या अशा व्यक्तीला ‘मुका’ म्हणण्याची रीत पडली. कागदोपत्री ‘मूकबधिर’ हा शब्द रूढ झाला. वास्तविक अशा बहुतेक मुलांचा कंठ, जीभ, ओठ सारे निर्दोष असते. स्वतःचा आणि इतरांचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून बोलणे घडत नाही, एवढेच. म्हणून आता ‘कर्णबधिर’ किंवा नुसते ‘बधिर’ हा शब्द वापरला जातो, आणि हाताने अस्खलित बोलणाऱ्या माणसाला मुका म्हणणे हे तर सरळसरळ असत्यच ठरते.

आपल्या परंपरेनेही या प्रश्नाला दोन प्रकारे तोंड दिलेले दिसते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एखाद्याला त्याच्या शारीरिक व्यंगावरून हिणवणे हा दंडनीय अपराध मानला आहे. व्यंग खरे असले तरी दंड, आणि खोटे असल्यास दंड दुप्पट. दुसरीकडे मनुस्मृतीने जन्मतः अंध, बधिर आणि मूक व्यक्तींना वारसाहक्कातून वगळले; त्यांना अन्नवस्त्र दिलेच पाहिजे असे बजावले, पण हिस्सा नाकारला. हा नियम विसाव्या शतकापर्यंत न्यायालयांत लागू होत होता. १९२८ च्या हिंदू वारसा (अपात्रता निवारण) कायद्याने त्यातील बहुतेक अपात्रता दूर केली आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग वा व्यंग या कारणावरून कोणालाही वारसा नाकारता येणार नाही असे निःसंदिग्धपणे ठरवले. पूर्वजांच्या ज्या गोष्टी अभिमानास्पद आहेत त्या अभिमानाने सांगाव्यात. ज्या अन्यायकारक होत्या त्या झाकून ठेवू नयेत. समाज जिवंत असल्याची ती खूण आहे. मात्र कायद्याने सातबाऱ्यावर नाव लागले, तरी तलाठ्यापुढे आपले म्हणणे मांडायला भाषा नसेल तर तो हक्क कागदावरच राहतो.

मिलानचा ठराव आणि मुंबईची शाळा

बधिरांच्या शिक्षणाचा जगाचा इतिहास हा मुख्यतः एका वादाचा इतिहास आहे. त्यांना हातांनी बोलू द्यावे, की ओठांनी बोलायला लावावे? अठराव्या शतकात पॅरिस येथे आबे द लेपे या धर्मगुरूंनी दोन बधिर बहिणींना शिकवायला आरंभ केला. बधिर माणसे आपापसांत ज्या खुणा करतात, त्याच खुणांतून त्यांना शिकवता येईल, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांच्या परंपरेत शिकलेले लोराँ क्लेर हे बधिर शिक्षक अमेरिकेला गेले आणि १८१७ मध्ये थॉमस गॅलोडेट यांच्यासह हार्टफर्ड येथे त्यांनी शाळा उभी केली. १८६४ मध्ये वॉशिंग्टनला बधिरांसाठी उच्च शिक्षणाचे महाविद्यालय निघाले. आज ते गॅलोडेट विद्यापीठ म्हणून जगप्रसिद्ध आहे. बधिर शिक्षक, बधिर मुद्रक, बधिर कारागीर यांची एक पिढीच्या पिढी त्या काळात उभी राहिली.

आणि मग १८८० साली इटलीतील मिलान येथे बधिर-शिक्षकांची परिषद भरली. खुणांची भाषा ही वाणीला मारक आहे, म्हणून शाळांतून ती काढून टाकावी आणि केवळ तोंडी पद्धतीने शिकवावे, असा ठराव तेथे झाला. उपस्थित १६४ प्रतिनिधींमध्ये बधिर प्रतिनिधी केवळ एक होता. ज्यांच्या भाषेचा निवाडा व्हायचा, त्यांनाच साक्षीला बोलावले नव्हते. त्यानंतर युरोपभर शाळांतून बधिर शिक्षक कमी झाले आणि मुलांच्या हातांवर छड्या बसू लागल्या. पुढे १३० वर्षांनी, २०१० मध्ये व्हँकुव्हर येथे भरलेल्या बधिर-शिक्षणविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ते ठराव नाकारले आणि झालेल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला.

हा इतिहास महाराष्ट्राला दूरचा नाही. आपल्या देशात बधिरांसाठी पहिली म्हणून ओळखली जाणारी शाळा १८८५ मध्ये मुंबईत कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या प्रयत्नांनी निघाली. मिलाननंतर अवघ्या पाच वर्षांनी! स्वाभाविकपणेच युरोपात त्या वेळी जे प्रमाण मानले जात होते, ते येथे आले. १८९३ मध्ये कोलकात्यात जामिनीनाथ बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वदेशी प्रयत्नांतून शाळा काढली. पुढील शतकात महाराष्ट्रातही जिल्ह्याजिल्ह्यांत शाळा निघाल्या. त्या चालवणाऱ्या शिक्षकांनी, विशेषतः शिक्षिकांनी, मुलाच्या हाताचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवून एकेक ध्वनी शिकवण्यासाठी जे कष्ट उपसले, त्यांना तोड नाही. त्या कष्टांतून काही मुले उत्तम बोलूही लागली. परंतु पद्धतीचीच मर्यादा होती. ‘पान’, ‘मान’ आणि ‘भान’ हे तीन शब्द आरशासमोर उभे राहून, आवाज न काढता म्हणून पाहावेत. ओठांवर तिन्ही सारखेच दिसतात. ‘क’ आणि ‘ग’ तर घशातच उमटतात, ते दिसणार कोठून? ज्याला अगोदरच भाषा येते तो संदर्भाने अर्थ लावतो. ज्याला भाषाच शिकायची आहे, त्याने काय करावे?

शाळेत बंदी असली, तरी वसतिगृहात दिवे मालवण्यापूर्वी, मधल्या सुटीत, मैदानावर मुले हातांनी बोलतच राहिली. मोठ्या मुलांकडून लहान मुलांकडे, एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे ही भाषा गेली. ज्या भाषेला पाठ्यपुस्तक नव्हते, शिक्षक नव्हता आणि मान्यताही नव्हती, ती भाषा मुलांनी जपली. भाषारक्षणाचे याहून मोठे उदाहरण शोधून सापडणार नाही.

हावभाव नव्हे, व्याकरणशुद्ध भाषा

‘हातवारे ही काय भाषा झाली?’ असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही विचारला जातो. १९६० मध्ये गॅलोडेट येथील विल्यम स्टोकी या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी अमेरिकन सांकेतिक भाषेचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर दिले. बोली भाषेतील शब्द जसा स्वर-व्यंजनांचा बनतो, तसा प्रत्येक संकेत हाताचा आकार, त्याची जागा आणि त्याची हालचाल या घटकांचा बनतो. त्यांतील एक घटक बदलला की अर्थ बदलतो.

भारतीय सांकेतिक भाषेचा असा अभ्यास पुढे आणण्यात मदन वसिष्ठ यांचा वाटा मोठा आहे. हिमाचलातील खेड्यात जन्मलेल्या वसिष्ठांना अकराव्या वर्षी आजारपणात बहिरेपण आले. त्यांनी शेतात काम केले, दिल्लीत छायाचित्रणाचा व्यवसाय शिकला, पुढे ते गॅलोडेटला गेले आणि प्राध्यापक झाले. १९७० च्या दशकात त्यांनी आणि जेम्स वुडवर्ड प्रभृती संशोधकांनी दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बंगळूर येथील बधिरांचे संकेत गोळा केले. मुंबईच्या संकेतांचा कोशही प्रसिद्ध झाला. या चारही नगरांतील भाषांत शब्दांचा फरक आहे, पण ती एकाच भाषेची प्रादेशिक रूपे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. कोल्हापूरचा बधिर तरुण आणि कोलकात्याचा बधिर तरुण स्थानकावर भेटले, तर थोड्याच वेळात गप्पांत रंगून जातात. भाषेच्या नावाने भांडणाऱ्या ऐकणाऱ्यांनी हे दृश्य एकदा पाहावे.

या भाषेचे व्याकरण स्वतंत्र आहे. प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या शेवटी येतो. ‘उद्या तू बारामतीला कधी जाणार?’ हे वाक्य ‘उद्या तू बारामती जाणार कधी’ असे होते. नकारही शेवटी येतो. काळ दाखवणारा शब्द बहुधा आरंभी येतो. ‘मी तुला देतो’ आणि ‘तू मला देतोस’ यांत क्रियापद एकच, परंतु हाताची दिशा उलटी. भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो. म्हणजे चेहरा हा येथे केवळ भावना दाखवत नाही, व्याकरणही दाखवतो. आणि शब्दांत आपले लोकजीवन उमटलेले आहे. ‘स्त्री’ म्हणताना तर्जनी नाकपुडीवर, चमकीच्या जागी टेकवतात. ‘पुरुष’ म्हणताना बोट मिशीवरून फिरते. इंग्रजी अक्षरे मात्र दोन्ही हातांनी दाखवतात. ते ब्रिटिश वळण आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात एका हाताच्या २४ आणि दोन्ही हातांच्या १३ मुद्रा वर्णिल्या आहेत. हातांनी अर्थ व्यक्त करण्याच्या शास्त्राचा इतका सूक्ष्म विचार या भूमीत झाला, याचा अभिमान जरूर असावा. परंतु नृत्यमुद्रा ही नटाची कला आहे, आणि सांकेतिक भाषा ही बधिरांनी रोजच्या जगण्यातून घडवलेली भाषा आहे. तिचे श्रेय तिच्या निर्मात्यांनाच दिले पाहिजे.

मान्यतेची वाटचाल

१९८३ मध्ये मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्यात २००१ मध्ये सांकेतिक भाषेचा विभाग सुरू होऊन दुभाषांचे प्रशिक्षण होऊ लागले. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सांकेतिक भाषेला स्थान नव्हते. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली आणि त्यानुसार आलेल्या २०१६ च्या कायद्याने संवादाच्या व्याख्येतच सांकेतिक भाषेचा समावेश केला. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघाले. त्याच्या कोशात २०१८ मध्ये ३,००० शब्द होते. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते १०,००० झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही भाषा देशभर प्रमाणित करण्याचे ठरवले आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने ती माध्यमिक स्तरावर विषय म्हणून स्वीकारली.

न्यायालयाच्या दारीही हा बदल पोहोचला. १८७२ च्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराने खुणांनी दिलेली साक्ष ग्राह्य मानली होती. २०१३ च्या दुरुस्तीने अशा साक्षीसाठी दुभाषी किंवा विशेष शिक्षक घेणे आणि तिचे चित्रीकरण करणे बंधनकारक झाले. अत्याचार झालेल्या बधिर मुलीच्या दृष्टीने या दुरुस्तीचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या बधिर वकील महिलेने दुभाषाच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात उपस्थित राहून कामकाजात भाग घेतला. तेव्हाचे सरन्यायाधीश होते पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरच्या घराण्यातील धनंजय चंद्रचूड.

क्रीडाक्षेत्रातही वीरेंद्र सिंह या मल्लाने २००५, २०१३ आणि २०१७ च्या बधिर ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके जिंकली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तालमींच्या या मुलखात त्यांचे नाव प्रत्येक आखाड्यात ठाऊक असायला हवे. पंचाची शिट्टी ज्याला ऐकू येत नाही, तो मल्ल प्रतिस्पर्ध्याच्या अंगावरील हातातूनच सारी कुस्ती वाचतो.

एवढे होऊनही संविधानाच्या आठव्या परिशिष्टातील २२ भाषांत या भाषेचा समावेश नाही. बधिर संघटनांची तशी मागणी आहे. दक्षिण आफ्रिकेने २०२३ मध्ये आपल्या सांकेतिक भाषेला बारावी राजभाषा केले. आपल्याकडे तो दिवस केव्हा उगवेल तेव्हा उगवो. गावपातळीवर तिला मान देण्यासाठी घटनादुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.

एक समाज, त्याच्या चालीरीती

जेथे भाषा असते तेथे संस्कृतीही असते. बधिर मंडळी टाळ्या वाजवत नाहीत. दोन्ही हात उंच करून हलवतात. कोणाला हाक मारायची तर खांद्याला स्पर्श करतात, जमिनीवर पाय आपटतात किंवा दिवा लावतात-मालवतात. बसताना गोल करून बसतात, कारण प्रत्येकाचा चेहरा दिसला पाहिजे. प्रत्येकाला एक संकेत-नाव असते. गालावरची खळी, कपाळावरचा व्रण, एखादी लकब, अशा कशावरून तरी मित्रांनी दिलेले ते बारसेच असते. मुंबईच्या लोकलमधील अपंगांसाठी राखीव डबा हा तेथील बधिरांचा चालता-फिरता कट्टा आहे. तेथे नोकऱ्यांची माहिती मिळते, लग्ने जुळतात, थट्टामस्करी होते. ठरावीक गाडी चुकू नये म्हणून धावणारे बधिर प्रवासी त्या डब्यात आपला समाज शोधत असतात.

खेड्यातील बधिर माणसाला हा कट्टा नाही. घरातील पाच-पंचवीस खुणांवर त्याचे आयुष्य निघते. जेव, ये, गुरे सोड, गप्प बस. तो कष्टाळू असतो, विश्वासू असतो, शेतातील सगळी कामे त्याला येतात. परंतु त्याच्याशी कोणी ‘बोलत’ नाही. भरल्या घरातील हा एकांतवास आहे. तो देणारी माणसे दुष्ट नसतात, बहुतेक प्रेमळच असतात. त्यांना त्याची भाषा येत नाही, आणि ती शिकायची असते हेच कोणी त्यांना सांगितलेले नसते.

माळेगावने काय करावे?

आता प्रत्यक्ष कामाविषयी. पहिले काम प्रतिबंधाचे. गर्भारपणात रुबेला झाल्यास बाळाला बहिरेपण येऊ शकते. २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम झाली. त्या लसीविषयी कोणत्याही घरात शंका राहू नये. नवजात बाळाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेतलेली काही औषधे यांनीही कान जातात. आणि आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची जी प्रथा आहे, तिचाही निर्भीडपणे विचार झाला पाहिजे. जवळच्या नात्यातील प्रत्येक विवाहातून बधिर मूल जन्मते असे मुळीच नाही. पण दोन्हीकडून तोच दोष वारशाने येण्याचा संभव वाढतो, हे विज्ञान आहे. घरात अगोदर एखादे बधिर मूल असेल, तर वैद्यकीय सल्ला घेतल्यावाचून पुढील सोयरीक जुळवू नये.

दुसरे काम लवकर शोधण्याचे. जन्मानंतर महिन्याच्या आत कानांची प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचारांना व भाषेला आरंभ, हा जगन्मान्य दंडक आहे. ‘बेरा’ या चाचणीत बाळ झोपलेले असतानाही श्रवणाची परीक्षा होते. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञाचा सल्ला घ्यायला आता पुणे-मुंबईच गाठावी लागते असे नाही. २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथकाने प्रत्येक अंगणवाडीला वर्षातून दोनदा भेट द्यायची असते, आणि जन्मजात बहिरेपण हा त्यांच्या तपासणीचा भाग आहे.

येथेच माळेगाव परिसराची विशेष जबाबदारी येते. हंगामात अहिल्यानगर, बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोचा एक कोयता, आणि त्यांच्याबरोबर पाचटाच्या कोपीत वाढणारे तान्हे मूल. पथक गावाकडच्या अंगणवाडीत जाते, तेव्हा ते मूल येथे असते. येथील अंगणवाडीच्या पटावर त्याचे नाव नसते. दोन्हीकडच्या नोंदवह्यांच्या मधल्या फटीतून ते निसटते. त्याची आई पहाटे चारला फडात जाते. मूल हाकेला वळते की नाही, हे पाहायला तिला उसंत कोठून मिळणार? कारखान्याची साखर गोड लागत असेल, तर या मुलांच्या कानांची चौकशी हे आपले ऋण आहे.

तिसरे काम, निदानानंतर भाषा देण्याचे. श्रवणयंत्र द्यावे. ज्याला योग्य असेल त्याच्यावर कॉक्लिअर रोपणाची शस्त्रक्रिया करावी. केंद्राच्या एडिप योजनेतून पाच वर्षांपर्यंतच्या गरजू मुलांना त्यासाठी साहाय्य मिळू शकते. वाचा-उपचारही करावेत. परंतु शस्त्रक्रियेनंतरही वर्षानुवर्षे सराव लागतो आणि प्रत्येक मुलाला सारखे यश येत नाही. तोवर मुलाने भाषेवाचून थांबायचे काय? हाताची भाषा दिली तर मूल बोलायला शिकणार नाही, ही भीती निराधार आहे. लहानपणी सांकेतिक भाषा मिळालेल्या मुलाला एक भाषा पक्की येते आणि तिच्या आधारावर मराठीचे वाचन-लेखन शिकता येते. म्हणून आई, वडील, आजी, भावंडे, सर्वांनी पहिल्या दिवसापासून संकेत शिकायला घ्यावेत. राष्ट्रीय केंद्राचा कोश चलचित्रांच्या रूपात भ्रमणध्वनीवर विनामूल्य पाहता येतो.

चौथे काम गावाचे. २०२१ मध्ये माळेगाव बुद्रुकची नगरपंचायत झाली. नगरपंचायतीतील एक कर्मचारी, दवाखान्यातील एक परिचारिका, शाळेतील एक शिक्षक, पोलीस ठाण्यातील एक शिपाई, एसटीचा एक वाहक आणि बाजारपेठेतील चार दुकानदार एवढ्यांनी जरी शंभर संकेत शिकून घेतले, तरी बधिर नागरिकाला या गावात परकेपणा वाटणार नाही. शासकीय नोकऱ्यांत बधिर आणि अल्पश्रवण असलेल्यांसाठी एक टक्का जागा राखीव आहेत. ती माहिती त्यांच्यापर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचवणे, हेही काम करण्याजोगे आहे.

शिकायला कोणाकडे जायचे, हा प्रश्न राहतो. त्याचे उत्तर हेच या विवेचनाचे सार आहे. पंचक्रोशीत असा एखादा बधिर तरुण वा तरुणी सापडेलच, जी शहरातील वसतिगृहात राहून सांकेतिक भाषा शिकून आली आहे आणि आज गावात गप्प बसून आहे. तिला शिक्षिका म्हणून बोलवावे आणि रीतसर मानधन द्यावे. सेवाकार्य करताना देणारा उंचावर आणि घेणारा खाली अशी रचना नकळत होते. येथे ती उलटी व्हावी. कार्यकर्त्याने तिच्यापुढे विद्यार्थी होऊन बसावे, चुकीचा हात केल्यावर तिने तो धरून नीट करावा, आणि त्या वर्गात बधिर मुलाच्या आईलाही सन्मानाने आणून बसवावे.

दरवर्षी २३ सप्टेंबरला जगभर सांकेतिक भाषा दिन पाळला जातो. १९५१ मध्ये त्याच दिवशी रोम येथे जागतिक बधिर महासंघाची स्थापना झाली होती. त्या दिवसानंतर थोड्याच आठवड्यांत फडांच्या कडेने कोप्या उभ्या राहतात. येत्या हंगामात त्या कोप्यांतील प्रत्येक तान्ह्या मुलाच्या मागे उभे राहून एकदा टाळी वाजवून पाहिली जावी, जे वळले नाही त्याची नोंद वहीत व्हावी, आणि त्याला घेऊन बारामतीच्या रुग्णालयात जाणाऱ्या त्याच्या आईची त्या दिवसाची बुडालेली मजुरी गावाने भरून द्यावी. एवढे काम माळेगावने हाती घेतले, तर आजचे हे बोलणे योग्य कानांवर पडले असे म्हणता येईल.